क्लाइडदादाची परत आलेली गाडी

मी सांगते त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, मित्रांनो, पण मी एक जुनी गाडी आहे. एकोणीसशे सत्तर सालची. रंग लाल, पाठीवर दोन काळे पट्टे.

डेट्रॉईटला माझा जन्म झाला. माझी पहिली डरकाळी ऐकून नदीपलीकडे कॅनडातल्या कोंबड्यांनी भरदुपारी बांग दिली! विशीतल्या क्लाइडने मला घेतले. एकदा आम्ही मालगाडीशी शर्यत लावली आणि इतके पुढे गेलो, की फाटकापाशी क्लाइडचे सँडविच खाऊन, हात धुऊन झाले, तरी मालगाडी यायची होती. पुढे त्याला व्हिएतनामच्या लढाईचे बोलावणे आले. जाताना त्याने मला विकले. परतल्यावर खूप शोधले, पण मी सापडले नाही.

अखेर मला शोधले ते त्याच्या धाकट्या भावाने, डेल्बर्टने. जन्मभर कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांना दारे बसवणारा माणूस. तरुणपणी पैसा गेला घराच्या छपरात, मुलांच्या दातांच्या तारांत. माझ्यासारखी गाडी परवडली ती गुडघे गेल्यावर. शनिवारच्या गाड्यांच्या मेळाव्यात माझ्यासारख्या रांगेने उभ्या असतात. घडीच्या खुर्च्यांवर बसलेले त्यांचे मालकही सगळे असेच, पांढऱ्या केसांचे. आमच्यात बसायला एकाला दुसऱ्याचा हात लागतो.

क्लाइडची बायको गेली, मग डोळे गेले. त्याने घराबाहेर पडणे सोडले, धड जेवणे सोडले. तेव्हा डेल्बर्टने मला त्याच्या दारात आणून उभे केले.

"दादा, तुझी गाडी सापडली!"

क्लाइड सपाता घालूनच बाहेर आला. माझ्या बॉनेटवरून त्याने कितीतरी वेळ हात फिरवला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघे फिरायला जातो. येताना तो हॅम्बर्गर खातो, वर डेल्बर्टचे बटाटेही पळवतो.

पण मी थकले आहे, मित्रांनो. पळून नव्हे. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा गंजू नये म्हणून मी चादरीखालीच असते. मी थकले ती जुनी असण्याने. अर्धी डरकाळी स्पीकरमधून काढायची. मागे जाताना माझ्यातून नव्या गाड्यांसारखी टिकटिक होते, तेव्हा डेल्बर्ट मोठ्याने खोकतो. म्हणून सांगते, गाडीला जेवढा वेळ पॉलिश करता, तेवढा वेळ तिच्यात बसणाऱ्याजवळही बसा.

परवाच्या रविवारी डेल्बर्ट असाच खोकला.

"पुरे रे, डेल," क्लाइड म्हणाला. "खोकून खोकून मरशील. माझी गाडी पहिल्या फटक्यात कधी सुरू झाली होती का? ही तर दर वेळी होते. विसरलास? तुलाच उतरवून ढकलायला लावायचो."

डेल्बर्टचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस, दादा?"

"बोललो असतो, तर तू यायचा थांबला असतास."

मग डेल्बर्टने हळूच विचारले, "आणि ती मालगाडी?"

"ती उभीच होती रे."