‘म्हणून’च्या आधीचं वाक्य

डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बाईंना वाचायला सक्त मनाई केली. अर्थशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला. सगळे त्यांना बाईच म्हणत. नवराही, पण फक्त मनात. त्यात एका माजी विद्यार्थ्याचं राजकीय अर्थशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक अर्धवट राहिलेलं. तेव्हा नवरा पुढे सरसावला. तो रेडिओवरचा निवृत्त वृत्तनिवेदक. न पटलेलं स्पष्ट उच्चारांत वाचण्याचा त्याने आयुष्यभर पगार घेतला होता. आता फुकट वाचायला त्याची हरकत नव्हती.

घरात मात्र शिस्त बिघडली. पटलं नाही की तो खाकरायचा.

“हे खाकरणं मूळ ग्रंथात आहे का?” बाई विचारायच्या.

“तळटीप आहे.”

“तळटिपा नकोत. मलाही त्याचं अर्धंच पटतंय. पण माझं अर्धं वेगळं आहे.”

त्याला या दुपारी फार आवडायला लागल्या होत्या. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच त्याचं बसून ऐकत होत्या. डोळ्यांवरची पट्टी निघायचा दिवस जवळ आला तशी त्याला धास्ती वाटू लागली. पण बायको सावकाश बरी होऊ दे, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

मग वृद्धांवरचं प्रकरण लागलं. वाचता वाचता तो अडखळला आणि पुढे सुरू झाला, “म्हणून खर्चाची फेरमांडणी आवश्यक ठरते.”

“थांबा. ‘म्हणून’च्या आधी काय होतं?”

“काही नाही.”

“अहो, कशामुळे म्हणून? एक वाक्य खाल्लंत तुम्ही.”

त्याने मुकाट्याने वाचलं, “कमावत्यांवर सर्वांत मोठा भार पडतो तो आजारी वृद्धांचा.”

“आकडे बरोबर असतील त्याचे. ‘भार’ चुकलाय. पण गाळू नका हो. पट्टी डोळ्यांवर आहे, डोक्यावर नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पांघरूण उगाचच नीट केलं.

पट्टी निघाली. घरी आल्या आल्या बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. तो चष्मा खिशात घालून उठला.

“कुठे निघालात?”

“तुला दिसतंय आता.”

“दिसतंय. पण पुस्तक उलटून बोलत नाही ना. बसा.”

आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या. वर्गात टिपणं सांगायची जुनी सवय. प्रत्येक वाक्य सावकाश, दोनदा.

त्याने दोन्ही वेळा ऐकलं.