पाठमोऱ्या गौरी

पोटच्या पोराने आईची गंमत करावी, आणि ती बाहेरच्या चार लोकांना दाखवत हिंडावं, असलं वागणं सुंदराबाईंच्या सासरी-माहेरी कुणी पाहिलं नव्हतं. चेतनने ते करून दाखवलं. हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून त्याला घरचं सगळंच हसण्यासारखं वाटायला लागलं होतं.

सुंदराबाईंचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनी यंदापासून गौरी चेतनच्या नव्या फ्लॅटमध्ये बसवायच्या आणि पुढे तिथेच ठेवायच्या असं ठरवलं. त्यानेच हौसेने मागितल्या होत्या. मुखवटे पितळेचे, सासूच्या सासूपासून चालत आलेले. कोपरगावहून न्यायला तो स्वतः आला. घरची रीत एकच होती: घराकडे निघालेल्या गौरीचं तोंड वाटेकडे हवं. पाठमोरी आलेली गौर घरात रमत नाही.

सुंदराबाई पुण्याला आजवर एसटीनेच गेलेल्या. रेल्वे चेतनच्या आग्रहाने. त्यांनी दोघींना गाडी जाते तिकडे तोंड करून बाकावर बसवलं, खणाने झाकलं. दोघींची तिकिटंही काढायला लावली होती. टीसीने विचारलं, या जागांवरचे प्रवासी कुठे आहेत? बाईंनी खण बाजूला करून प्रवासी दाखवले. टीसी हात जोडून पुढे गेला.

दौंडला इंजिन या टोकाचं सुटून त्या टोकाला लागलं आणि गाडी मागे तोंड करून पुण्याला निघाली. बाईंना आधी कळेचना. कळलं तशा त्या उठल्या, दोघी आता पाठमोऱ्या झाल्या होत्या. समोरच्या बाकावर एक कुटुंब पोळीभाजी उघडून बसलं होतं. बाईंनी सगळ्यांना उठवलं, डब्यांसकट आणि पेंगणाऱ्या आजोबांसकट. गाडी हलतेय, एक मुखवटा छातीशी, दुसरा त्या घरच्या बाईच्या हातात, तिला आधी चपला काढायला लावलेल्या, आणि अख्खा डबा मान उंचावून बघतोय. चेतन दाराशी उभा राहून फोटो काढत होता. बाईंना वाटलं, गौरींचे काढतोय.

हळदीकुंकवाला चेतनच्या ऑफिसातली अपेक्षा आली. गौरींसमोर वाकली आणि सरळ होताच हसायला लागली. ट्रेनमधल्या काकू त्या तुम्हीच ना, म्हणाली. ऑफिसात रेल्वेतल्या अजब गोष्टींच्या फोटोंची स्पर्धा होती म्हणे, आणि बाईंचा फोटो पहिला आला होता.

"चेतनला माहीतच होतं ना काकू, दौंडला ट्रेन रिव्हर्स होते ते. कॉलेजला असताना याच लाइनने जायचा. म्हणून तर आधीपासून कॅमेरा रेडी ठेवला होता. सो फनी!"

सुनेने, सोनालीने, मान खाली घातली. सुंदराबाईंनी पोरीला कुंकू लावलं, लाडू दिला, लिफ्टपर्यंत पोचवलं. तिचं काय चुकलं होतं? खरं तेच बोलली.

दुसऱ्या दिवशी अक्षता वाहून गौरी हलवल्या. चेतनने मुखवट्यांसाठी हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं होतं, आत दिवासुद्धा होता. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. मुखवटे पुसले, मऊ लुगड्यात गुंडाळले आणि आपल्याच पिशवीत ठेवले. चेतन चपापला. अगं आई, गंमत होती, म्हणाला. लोकांना किती आवडलं, कुणी वाईट बोललं नाही.

बाईंनी पिशवीचे बंद आवळले.

"लोक हसले त्याचं मला काही नाही. माझ्यासारखं ध्यान दिसलं तर मीही हसले असते. पण तुला ठाऊक होतं. या दोघी तुझ्या घरी राहायला निघाल्या होत्या, आणि तू त्यांना पाठमोरं होऊ दिलंस, बघत बसलास. माहेरवाशिणीची जागा बदलायला ज्याचा हात उठत नाही, त्याच्या घरी मी माहेरवाशीण ठेवत नाही. कपाटात तुझी बक्षिसं मांड. आम्हा तिघींना एसटीत बसवून दे, आणि तू येऊ नकोस."