नाथाजींचा अर्ज

नाथाजी गोरडांनी सांगलीत, विश्रामबागेत, मेंढपाळांच्या मुलींसाठी वसतिगृह बांधलं, आणि जून संपत आला तरी चाळीसपैकी सदतीस खाटा रिकाम्याच होत्या. माणूस नुसता धुमसत होता.

तशी त्यांना हार खायची सवय नव्हती. एक कॉम्प्युटर अख्खी खोली अडवायचा, त्या काळात माणदेशी मेंढक्याचा हा पोरगा पुण्यात प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि पुढे स्वतःची कंपनी काढून बसला. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये चुकीची नोंद शिरूच शकत नाही अशी ख्याती होती, आणि ती सगळ्यांना ऐकवायचं काम ते स्वतःच करत. सत्तरी गाठल्यावर कंपनी विकली आणि सगळं या वसतिगृहात घातलं. प्रवेशाचा ऑनलाइन अर्जसुद्धा दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. भलत्यांनी जागा लाटू नयेत म्हणून एकेक अट त्यांनीच घातली होती.

त्याच तणतणीत ते म्हसवडजवळ थोरल्या बहिणीकडे, मनुबाईकडे गेले. चहा येईपर्यंतही दम निघेना. आपल्या लोकांना पोरी शिकवायच्याच नाहीत, यांच्यासाठी काही करण्यात अर्थ नाही, टाळं ठोकतो त्या वसतिगृहाला, असं बरंच बोलले. मनुबाई काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, पण तिनं सगळं ऐकून घेतलं. मग नातीला, राणीला, मोबाइल आणायला सांगितला.

"हिचा अर्ज चारदा माघारी आलाय. तूच काय ठरवलं असशील म्हणून मी गप बसले."

पोरीनंच काहीतरी चुकवलं असणार, असं म्हणत नाथाजी चष्मा लावून स्वतः भरायला बसले. नाव, आईचं नाव, सातवीचे गुण. सगळं सुरळीत गेलं. मग प्रश्न आला, गेले बारा महिने सलग कोणत्या गावात राहता?

राणीनं सांगितलं, दिवाळीपर्यंत इथं, मग मेंढरांमागं कराड, तिथनं पाटण, पार कोकणाच्या तोंडाशी, आणि पावसाच्या आधी परत. तीन शाळा मिळून तिची सातवी झाली होती.

"ह्यातलं कंचं गाव लिवू, आबा?"

नाथाजींनी सगळी लिहिली. तांबडी अक्षरं उमटली, अर्ज अपात्र. मग राणीचं नाव पुसून त्यांनी स्वतःचं घातलं, वय अकरा लिहिलं, आणि बापामागं मेंढरं राखत फिरले होते त्या वर्षाची गावं एकेक आठवून भरली. पुन्हा तांबडी अक्षरं.

"मलाबी घेत न्हाई, आक्का."

मनुबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "साताऱ्याच्या बोर्डिंगात तुला सोडाय मी आले हुते. मास्तरांनी गाव इचारलंच न्हाई रं. जेवलास का, तेवढं इचारलं."

सत्तरीचा तो माणूस नातीदेखत ढसाढसा रडला. मग सांगलीच्या ऑफिसला फोन लावून तो प्रश्न काढायला लावला, आणि राणीला शेजारी बसवून अर्ज पहिल्यापासून भरायला घेतला.