ड्रम होते तिथं

फरशीवरचा तो पांढरा गोल... घासून घासून फिका झाला होता, पण गेला नव्हता. बोअरच्या पाण्याचा क्षार तो, शहाबादीत एकदा मुरला की मुरला. उज्वलानं चटई मुद्दाम त्याच्यावरच अंथरली होती, तरी कडेनं एक तुकडा बाहेर राहायचाच, आणि डोळे मिटायच्या आधी तिची नजर रोज नेमकी तिथं जायची. आता मिटले. श्वास आत – देविकानं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं, काही करू नकोस आई, नुसती श्वासाकडे बघ – श्वास बाहेर... तुळशीचा वास, कुंडीतल्या ओल्या मातीचा वास, मागच्या गल्लीत कुणाची तरी मोटर सुरू झालेली. नळ आला की काय? नाही, आज आपला वार नाही. श्वास आत.

डोळे मिटता येतात, कानांना झाकण नाही. लातुरात राहून ज्याचे कान नळाकडे नाहीत असा माणूस तिनं अजून पाहिलेला नव्हता. 'पाण्यासारखा पैसा खर्च केला' असं पुस्तकात आलं की तिच्या वर्गातली मुलं गोंधळतात. त्यांना वाटतं, मोजून मापून, जपून खर्च केला असणार.

मागच्या अंगणातला हा बसायचा कोपरा काही हौसेनं केलेला नव्हता. पावसाळ्याच्या शेवटी ती वर्गात फळ्यावर लिहिताना अक्षरं एकावर एक दिसायला लागली आणि ती खडू हातात धरूनच खाली बसली. बीपी. डॉक्टर म्हणाले, गोळी अर्धं काम करते, उरलेलं तुमच्याकडे. रोज थोडा वेळ उघड्या हवेत शांत बसा, नाहीतर पुढच्या वेळी खुर्चीवर नाही, स्ट्रेचरवर याल. ती घाबरली. खरोखर घाबरली. देविकानं फोटो पाठवले – कुणाकुणाच्या घरामागचे कोपरे, चटई, कुंड्या, वाऱ्यानं वाजणाऱ्या घंटा. आणि आपल्या मागच्या अंगणात काय, तर भिंतीला लागून उभे निळे ड्रम, पलटणीसारखे, प्रत्येकाच्या झाकणावर एकेक दगड.

ज्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं त्या साली घेतलेले ड्रम. आता गच्चीवर मोठी टाकी आहे, बोअरला पाणी आहे, नळही येतो आठवड्याला. ड्रमांचं काम उरलं नव्हतं. सुदर्शन – तिचा नवरा, शब्द कमी आणि काम चटकन – म्हणाला, काढून टाकू. त्याची आई, केवळाबाई – उज्वलाच्या आत्याबाई – तेव्हा कंधारला लेकीकडे गेली होती. औशाहून पुतण्या बालाजी टेम्पो घेऊन आला, फवारणीला होतील काका म्हणत ड्रम घेऊन गेला. अंगण एका दुपारीत मोकळं झालं. कुंड्या आल्या, चाफ्याचं रोप आलं, देविकाची घंटा खिडकीला लागली.

आत्याबाई घरात असताना हे केलं असतं तर?... नसतंच करता आलं. हे तेव्हाही दोघांना माहीत होतं, म्हणून तर कुणी ते बोललं नाही.

कारण ते ड्रम आत्याबाईंचे होते. सकाळी चूळ भरली की त्या अंगणात यायच्या आणि बोट दुमडून प्रत्येक ड्रमावर वरून खाली वाजवत जायच्या. टक, टक, टक – पोकळ, पोकळ, आणि मग एका जागी आवाज बसायचा, जड व्हायचा. तिथं पाणी. "हितवर हाय," त्या स्वतःशीच म्हणायच्या आणि पुढच्या ड्रमाकडे वळायच्या. वर्षानुवर्षं उज्वलाची झोप त्या टकटकीनं मोडली होती. किती चिडायची मी. उशी कानावर ओढून घ्यायची. झाकण उघडून बघा की एकदाचं, असं तोंडावर यायचं, पण सासूला कोण बोलणार.

कंधारहून परत आल्या त्या दिवशी केवळाबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. उजवा हात थोडा वर आला होता, बोट दुमडलेलं... मग तो त्यांनी पदराला पुसला. मोकळं मोकळं झालं की, म्हणाल्या, आणि आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

त्या संध्याकाळपासून त्या अर्धा पेलाच पाणी पितात.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ओठ सुकले, मग एकदा न्हाणीच्या दाराशी भोवळ आली, आणि डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. पाणी पाजा, दुसरं औषध नाही, या वयात किडनी जायला वेळ लागत नाही. सुदर्शननं आईला गच्चीवरच्या टाकीचं समजावून सांगितलं, किती लिटरची, कशी भरते. त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, आणि जे दिसत नाही, वाजवता येत नाही, त्या पाण्यावर भरवसा कसा ठेवायचा?

श्वास आत... छे. ती उठली. चटई गुंडाळली. आजही झालं नाही.

शाळेत मधल्या सुट्टीनंतर मुलं बाटल्यांत उरलेलं पाणी झाडाशी ओतत होती. चांगलं आहे, झाडाला जातंय, शाळेनंच सांगितलंय तसं. तरी उज्वला वऱ्हांड्यात थांबून बघत राहिली – ही पाऊण, ही अर्धी, ही तर भरलेलीच – आणि छातीत धडधड सुरू झाल्यावर तिला कळलं की आपण मघापासून एकेक बाटली मनात नोंदवतोय. आत्याबाईंना सगळे हसतात. मला कुणी हसत नाही, कारण माझं मोजणं ऐकूच येत नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा केवळाबाई देवळात गेल्या होत्या. त्यांच्या खोलीत केर काढायला म्हणून ती वाकली, झाडू बाजेखाली गेला आणि काहीतरी खणकन वाजलं. तिनं चादर वर केली. भिंतीला लागून रांग होती. तांबे, लोटे, जुनी कळशी, स्टीलचे पेले. प्रत्येकावर ताटली, आणि ड्रमांवर दगड असायचे तसा ताटलीवर खडा. रोजच्या पेल्यातलं अर्धं पाणी. उज्वला तशीच फरशीवर बसली. मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तिनं बोट दुमडलं आणि पहिल्या तांब्यावर वाजवलं. वर पोकळ, खाली जड.

दारात चपलांचा आवाज झाला. केवळाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"आत्याबाई, हे कशापायी? टाकी भरलेली आहे आपली."

"असू दे गं. हाय तर हाय."

"मी बालाजीला फोन करते. ड्रम परत आणू."

"नगं." त्या हळूच बाजेवर टेकल्या. "तू बसायलीस की तिथं. तुझं डोस्कं शांत व्हायलंय. माझं काय, मला लई लागत न्हाई."

उज्वलाला राग आला – म्हातारीचा नाही, स्वतःचाही नाही, त्या 'शांत व्हायलंय'चा. डोकं एक दिवस शांत झालं नव्हतं. बीपी होतं तिथंच होतं. आणि ही बाई सुनेच्या शांतीसाठी स्वतःची तहान अर्धी करून बाजेखाली लपवत होती, तीही अशी, की आभारही मानता येऊ नयेत. तिला रडू आलं. ते तिनं झाडूच्या कामात दडवलं.

"चला," ती म्हणाली, "बाहेर बसू."

चटई तिनं थोडी सरकवली, तिच्या शेजारी पाट मांडला. पांढरा गोल पुरता उघडा पडला. पाट त्याच्यात मावला. पेला काठोकाठ भरून तिनं केवळाबाईंच्या हातात दिला आणि डोळे मिटले. प्या म्हणायचं नाही. बघायचंही नाही. बालाजीला फोन करायचा की नाही, तेही आत्ता नाही. एक ड्रम आला तर चटई कुठं जाईल...

खिडकीतली घंटा वाजली, थांबली. शेजारी एक घोट. मग दुसरा. मग पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज, आणि काही वेळानं, अगदी हलकी, पेल्याच्या काठाखाली नखाची टक.

अर्धा, उज्वलाला कळलं. डोळे न उघडता, मनात काहीही न मोजता कळलं. जसं आपलं दार कोणतं ते अंधारात कळतं. आणि हे आज शिकलेलं नव्हतं. इतकी वर्षं उशीखालून ती ऐकतच आली होती.

श्वासाकडे तिचं लक्ष नव्हतं. तो आत येत होता, बाहेर जात होता, त्याचा तो. तिचे कान त्या पेल्यापाशी होते – तो पुन्हा उचलला जातोय का, याकडे – आणि छातीतली धडधड नेमकी केव्हा कमी झाली हे तिला सांगता आलं नसतं.

पेला अजून खालीच होता. ती थांबली.