मुलाखतीतला मुलगा

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मोनालीला चालायला सांगितलं, आणि चालता चालता तिला रेडिओ पुन्हा सापडला. देवळीच्या पंचायत समितीत नोकरी, घरी लकव्यानं अंथरुणाला खिळलेली आई, सुलोचनाबाई. ठरल्या वेळेला रेडिओपाशी बसणं तिला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. आता तेच कार्यक्रम मोबाइलवर केव्हाही ऐकता येत. सकाळी आईचं सगळं आवरून, नवरा आदेशला तिच्यापाशी बसवून ती निघायची. बोरगाव मेघेची शेवटची घरं मागं पडली की कानात श्रुतिका सुरू व्हायची, नाहीतर कपाशीवरच्या बोंडअळीची चर्चा. शेती नसताना तिला बोंडअळीबद्दल ऐकायला आवडायचं. कोणीतरी शांतपणे बोलत असायचं, आणि त्यात तिला काही करायचं नसायचं.

त्या सकाळी तिनं मुलाखतींचा कार्यक्रम लावला. विषय होता आईवडिलांची सेवा. निवेदिकेनं पाहुण्याचं नाव सांगितलं आणि मोनाली एकटीच हसली. राकेश! नागपूरला प्राध्यापक असलेला तिचा सख्खा मोठा भाऊ. घरी बोलला नाही पठ्ठ्या, असं म्हणत तिनं आवाज वाढवला.

राकेश अगदी पुस्तकी भाषेत बोलत होता. "आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी ठरवलं, परक्या माणसाचा हात तिला लागू द्यायचा नाही. रोज सकाळी मी तिचं अंग पुसतो. डायपर बदलतो. सुरुवातीला किळस यायची, खोटं कशाला सांगू? मग एक दिवस ते करताना तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्या दिवशी माझी किळस संपली."

मोनाली थांबली. तिनं कार्यक्रम मागं नेऊन तेवढं पुन्हा ऐकलं.

भिंतीकडे वळलेलं ते तोंड तिनं पाहिलं होतं. तिनंच एकदा रडत रडत फोनवर राकेशला सांगितलं होतं. तेव्हा तो नुसता हूं हूं करत होता आणि मागं टीव्ही चालू होता. आई मोनालीकडे आल्यापासून तो कधीतरी यायचा, दारातूनच "कशी आहे आई?" विचारायचा आणि पंखा वाढवायचा.

"असा मुलगा प्रत्येक आईला मिळो," निवेदिका भारावून म्हणाली.

मोनालीच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. आपलं न धुतलेलं कापड कोणी अंगात घालून वरातीत नाचावं, तसं तिला झालं. तिनं तिथूनच फोन लावला.

"दादा, काय बोलून राह्यला तू रेडिओवर?"

"ऐकलं का? कसं झालं?"

"आईचं तू करतं?"

"अवं, मुलाखतीत मी-मी म्हणाच लागते. बहीण करते म्हटलं तर मले कोण बोलावते? लोकांचे फोन येऊन राह्यले, रडून राह्यले लोकं. आन् आयक, रविवारी येतो. रेडिओवाल्याईले आईसोबतचा फोटो पाहिजे. जरा चांगलं पातळ नेसवून ठेवजो तिले."

ती घरी आली तर तोच कार्यक्रम आईच्या उशाशी वाजत होता. राकेशनं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि आदेशनं भोळेपणानं लावून दिला होता. आता तो मोनालीच्या नजरेला नजर देत नव्हता. सुलोचनाबाईंच्या चेहऱ्याची चांगली बाजू मात्र हसत होती.

"छान... बोलते," त्या जड जिभेनं म्हणाल्या.

मोनालीनं तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली. पण ते हसू घासात आलेल्या केसासारखं तिला दिवसभर जाणवत राहिलं.

रविवारी राकेश नवी शाल घेऊन आला. "जयभीम, जावईबापू!" म्हणत त्यानं खिडकी उघडली, खुर्ची सरकवली, आईच्या खांद्यावर शाल टाकली आणि उजेड कुठून येतो ते पाहिलं. तेवढ्यात वास आला.

"मोनाली, पाहा वं जरा," तो मागं सरकत म्हणाला.

"तू पाहा. तुले तं किळस येत नाई."

तिनं हातमोजे, कोमट पाण्याचं घमेलं आणि फडकं त्याच्यापुढं ठेवलं. आदेश म्हणाला, "जाऊ दे ना आता."

"नाई. करू दे त्याले."

राकेश हसला. मग ती थट्टा करत नाही हे त्याला कळलं. त्यानं नाकाला रुमाल बांधला, पातळ वर सारलं, डायपरची एक पट्टी ओढली, आणि तोंडावर हात दाबून मागच्या अंगणात पळाला. मोरीवरून त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज घरभर येऊ लागला.

मोनाली पलंगाकडे वळली. आई चांगल्या हातानं चादर ओढत होती. चादर गुडघ्यापाशी अडकली होती आणि वर येत नव्हती. तिनं डोळे गच्च मिटले होते.

आता मोनालीला स्वतःचीच किळस आली. भावाचं नाक कापण्यासाठी तिनं आईला उघडं टाकलं होतं. तिनं दार लोटलं, आईला स्वच्छ केलं, पावडर लावली, दुसरं पातळ नेसवलं.

"चुकलं माह्यं, आई."

आईनं हळूहळू डोळे उघडले. मग म्हणाली, "फोटो... नाई."

बाहेर राकेश तोंड पुसत उभा होता. आईचा निरोप ऐकून तो चिडला. "तू मुद्दाम केलं हे. घाणेरडी बाई आहे तू." चहा न घेताच तो गेला.

दोन-चार दिवसांनी चालताना मोनालीनं मोबाइल उघडला, तर कार्यक्रमाच्या पानावर फोटो झळकत होता. राकेशच्या लग्नातला. आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या दोन पायांवर उभी होती. अंथरुणाला खिळलेली बाई उभी कशी, हे कोणी विचारलं नव्हतं. खाली धन्य तो पुत्र, धन्य ती माता, असं चाललं होतं.

तिनं रस्त्याच्या कडेला थांबून लिहिलं, "या बाई माझ्याकडे राहतात. त्यांचं सगळं मी करते. मी मुलगी."

लगेच कोणाचं तरी उत्तर आलं. "ताई, भाग्यवान आहात. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं."

मोनाली शेताच्या धुऱ्याशी, बांधाजवळ वाकली आणि थुंकली. मग पदरानं तोंड पुसून ती घराकडे निघाली. आईला कुशीवर वळवायची वेळ झाली होती.