गच्चीवरून निघालेला धूर

मी एक जुना नळ आहे. पण मित्रांनो, तोटी सोडून तुम्ही तोंड धुता तो नळ नव्हे. मी रस्त्याखालचा. तुमच्या मोरीतून आणि संडासातून जे वाहून जाते, ते नेणारा.

मी भट्टीत भाजलेल्या मातीचा. माझे तुकडे एकापुढे एक जोडून मला या उताराच्या गल्लीखाली पुरले, तेव्हा माणसे हरखून गेली होती. उघडी घाण गेली, माशा हटल्या. माझे कौतुक झाले आणि मग सगळे मला विसरले. त्याचे मला वाईट वाटले नाही. सांडपाण्याच्या नळाची आठवण निघाली, की समजावे काहीतरी बिघडले आहे.

आणि बिघडलेच. वर्षे सरली तसे माझे सांधे सुटले. झाडाची मुळे आत शिरली, जमिनीतले पाणी झिरपू लागले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. आभाळ भरून आले की धडकी भरते. माझे माप घरातल्या सांडपाण्यापुरते. पावसासाठी रस्त्याकडेला वेगळे गटार आहे. तरी ते पाणी कुठून कुठून माझ्यातच घुसे. मी गच्च भरलो की ते वाट फुटेल तिकडे उसळे.

उसळे ते गल्लीच्या तळाशी, शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या न्हाणीघरात. जाळीतून घाण पाणी वर येई आणि खोलीभर पसरे. त्यांनी मशीन विटांवर चढवले होते, गिऱ्हाइकांचे कपडे छताला टांगले होते. साधा ढग दिसला तरी त्यांचे मशीन थांबे. जाळीतून मला ते थांबणे ऐकू येई, आणि लाजेने जीव नकोसा होई.

त्यांचे थोरले भाऊ गल्लीच्या वरच्या टोकाला राहत. ऊठसूट कायद्यावर बोट ठेवत, म्हणून सगळे त्यांना 'कायदेभाऊ' म्हणत. बहिणीसाठी ते नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आकाशपाताळ एक करत.

"तू घाबरू नकोस गं," ते सांगत. "त्यांना चांगला हिसका दाखवतो!"

शेवटी कचेरीतून एक इंजिनियर बाई आल्या. मॅनहोल उघडून त्यांनी माझ्यात पांढरा, निरुपद्रवी धूर सोडला. जिथून धूर बाहेर पडेल, तिथून पावसाचे पाणी आत शिरते, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. धूर माझ्या फटीफटीतून गुदगुल्या करत निघाला. झाडाच्या बुंध्याशी जमिनीतून निघाला. आणि भसाभसा निघाला तो कायदेभाऊंच्या गच्चीवरच्या पन्हाळीतून.

सगळ्यांच्या माना कायदेभाऊंकडे वळल्या.

"अंगणात चिखल व्हायचा, म्हणून गच्चीचा पाईप ड्रेनेजला जोडून घेतला," कायदेभाऊ पुटपुटले. "एवढ्याशा गच्चीचं पाणी ते कितीसं असणार?"

"काका, जोराच्या पावसात तुमची एक गच्ची अख्ख्या गल्लीच्या मोऱ्यांना भारी पडते," इंजिनियर बाई म्हणाल्या.

ताई एवढेच बोलल्या, "दादा, इतकी वर्षं मी तुझ्याच गच्चीचं पाणी उपसत होते."

भाऊ घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. पुढे कितीतरी दिवस काहीच घडले नाही. मी तळमळत होतो. वरच्या मोरीतून वहिनींचा आवाज येई, "अहो, एकदा जाऊन या ना तिच्याकडे."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

मग एका दुपारी करवतीचा आवाज आला. भाऊंनी स्वतःच्या हाताने तो पाईप कापला, प्लंबर बोलावून माझ्याकडचे तोंड पक्के बुजवले आणि गच्चीचे पाणी पावसाच्या गटारात वळवले. पाठोपाठ कामगार आले. त्यांनी माझ्यातली मुळे छाटली आणि सुटलेल्या सांध्यांवर आतून नवे अस्तर बसवले.

त्यानंतर धो धो पाऊस लागला. भाऊ बादली घेऊन, न बोलावता बहिणीच्या न्हाणीघराशी येऊन बसले. दोघे जाळीकडे बघत राहिले. माझ्यात पाणी चढत होते, कारण या गल्लीच्याही वरच्या बाजूला अशा आणखी गच्च्या आहेत. ते जाळीच्या अगदी खाली येऊन थबकले, गुडगुडले. भाऊंनी बादली पुढे ओढली. मग ते हळूहळू उतरू लागले.

"ठेव ती बादली," ताई म्हणाल्या. "चहा टाकते."

आणि पाऊस कोसळत असतानाच मशीन सुरू झाल्याचे मी पहिल्यांदा ऐकले.

मित्रांनो, माझी धास्ती अजून गेलेली नाही. आपल्या गच्चीचे आणि अंगणाचे पाणी कुठे जाते, ते घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. ते माझ्यात येत असेल तर वळवायला सांगा. तुमच्या अंगणातून ते चटकन दिसेनासे होते, तेव्हा खालच्या अंगाला कुणाच्या तरी घरात ते वर येत असते.