सात नंबरचं सार

मित्रांनो, मला चांदीचा समजून उगाच हाताळू नका. मी साधा कथलाचा चंबू आहे, तोही म्हातारा, पोटाला पोचा आलेला. म्हैसूरच्या गंगाधररावांच्या स्वयंपाकघरात माझा सगळा जन्म गेला.

देवराज मार्केटजवळच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. गोदावरीबाईंच्या आईने मला विकत घेतलं आणि लेकीबरोबर सासरी पाठवलं. माझं काम एकच, सार उकळायचं. कथलात साराला जी चव येते ती स्टीलला बापजन्मात जमायची नाही. गर्व म्हणा हवं तर, पण खोटं नाही. मात्र माझी एक खोड आहे. मला रिकामं आचेवर ठेवलं की मी वितळतो. म्हणून आधी चिंचेचं पाणी ओतायचं, मगच गॅस पेटवायचा आणि फोडणी वेगळ्या पळीत करायची. गोदावरीबाई हे कधी विसरल्या नाहीत.

गंगाधरराव जेवताना अन्नाबद्दल चकार शब्द काढत नसत. नावं ठेवू नयेत, तसं कौतुकही करू नये, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. गोदावरीबाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या शेजारी बसून 'वाढू का?' म्हणून विचारत आणि सार आवडलेलं असलं की राव मुकाट्याने ताट पुढे सरकवत. बाईंना तेवढं पुरे होतं.

मग गोदावरीबाई गेल्या आणि मी फळीवर धूळ खात पडलो. मला वाटलं, संपलं आपलं.

पण सून स्पृहा हिने मला खाली काढलं, चिंचेने लख्ख घासलं. ती साताऱ्याची. सासूने शिकवलेलं सार ती नेमकं तसंच करी, फक्त माहेरच्या गुळाचा एक खडा जास्त टाकी. सकाळी सार करून, टेबलावर झाकून ती ऑफिसला जाई. रात्री जो तो आपापलं वाढून घेई. राव एकदाच घेत, खाली मान घालून जेवत आणि उठून जात. त्यांना मागायची सवय नव्हती, तिला विचारायची नव्हती. बिचारी आतल्या आत झुरू लागली. एकदा मला घासता घासता नवऱ्याला म्हणाली की बाबांना माझ्या हातचं गोड लागत नाही, ते नुसतं पोट भरतात. मला फार वाईट वाटलं. पण चंबूला कुठे तोंड असतं बोलायला?

यंदा मराठी मंडळात साराची स्पर्धा ठरली. चिटणीस गुंडेरावांनी अतिथी परीक्षक म्हणून गंगाधररावांना बोलावलं. सगळी सारं एकसारख्या वाट्यांत, वर फक्त नंबर. स्पृहाने गुपचूप नाव दिलं. कोणाचं आहे हे कळणार नाही, म्हणजे निदान तिथे तरी ते खरं सांगतील, एवढीच तिची आशा. सार गरम राहावं म्हणून तिने मला टॉवेलात गुंडाळून नेलं. वाटी भरून दिली आणि मला टेबलाखाली ठेवलं.

राव एकेक वाटी चाखत पुढे आले. सातव्या वाटीपाशी चमचा वाजला आणि लगेच खाली ठेवला गेला.

"गुंडेराव, हिला मी मार्क देऊ शकत नाही," राव म्हणाले. "हे आमच्या घरचं सार आहे. कथलाच्या चंबूतलं, आणि त्यात साताऱ्याचा गूळ आहे."

झालं! सात नंबर बाद झाला. पहिलं बक्षीस तुंगाबाईंना मिळालं. स्पृहाने टाळ्या वाजवल्या आणि मला उचललं. बक्षिसाचं तिला काहीच नव्हतं. एक शब्द ऐकायला ती आली होती, आणि तोही मिळाला नाही.

तेवढ्यात राव समोर आले. हातात ताट, ताटात मंडळातला भात.

"सात नंबर उरलंय का? वाढ स्वल्प, थोडंसं."

तिने माझ्यातलं सार भातावर ओतलं. राव उभ्या उभ्या जेवले, सगळ्यांच्या देखत. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं. मी ते ओळखलं. ती कशी ओळखणार? ती ऑफिसातून येईपर्यंत गोदावरीबाई रावांना वाढून मोकळ्या झालेल्या असत. ती नुसती बघत राहिली. रावांच्याही ते लक्षात आलं असावं.

"आणखी वाढ, पोरी," ते म्हणाले. "गोदा विचारायची. मला मागायला कधी शिकावंच लागलं नाही."

तिने वाढलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून तिने मान वळवली. मी तळापर्यंत रिकामा झालो. इतका आनंद मला भरलेला असतानाही कधी झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी कथलाचं भांडं असेल तर त्याला रिकामं आचेवर ठेवू नका. आणि जे तुम्हाला रोज रांधून वाढतात, त्यांनाही तसं ठेवू नका. सार आवडलं तर तोंडाने मागा.